डावीकडे जुनं, उजवीकडे नवं

...आणि वर लोक मलाच विचारतात, ‘मग, काय काय शिकून आलात?’ अहो, काय सांगू, कपाळ! तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं सभागृहाच्या कचेरीत विधेयकांचे कागद लावतोय, निवृत्तीला चार महिने राहिलेत, गुडघे जिना बघूनच कुरकुरतात, आणि साहेबांना आत्ता आठवलं की मला परदेशी प्रशिक्षणाला पाठवायचंय! अदलाबदलीची योजना म्हणे. आपला एक माणूस त्यांच्या सभागृहात तीन आठवडे, मग त्यांचा एक आपल्याकडे. आमची ही म्हणाली, ‘मोजे जास्त न्या.’ संपला निरोपसमारंभ!

आता आमचं काम कसं, ऐका. विधेयकात कुणी दुरुस्ती सुचवली की ती चिठ्ठीवर टाइप करायची आणि त्या कलमावर चिकटवायची. दुसरी आली, तिच्यावर चिकटवा. तिसरी आली... कागद कसला, गादी होते हो! एकदा एका सदस्यबाईंनी स्वतःच्याच दुरुस्तीविरुद्ध हात वर केला. चिठ्ठी खाली दबलेली, बिचारीला दिसणार कशी? सगळं सभागृह खो खो हसलं, बाई रडकुंडीला आल्या, आणि मी मागे डिंकाची बाटली घेऊन उभा! दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

तेव्हा मी एक तक्ता केला. अगदी साधा. डावीकडे जुनं कलम, उजवीकडे नवं, बदललेले शब्द ठळक. आपण कशाला हात वर करतोय ते माणसाला कळावं, एवढंच! साहेबांकडे नेला. साहेब म्हणाले, ‘बघू.’ नऊ वर्षं बघताहेत! जाण्याआधी एवढं एक सुरू व्हावं, बाकी काही नको, असं फार मनात होतं हो.

बरं, तिकडे पोचलो. काचेच्या खोल्या, गुबगुबीत गालिचे, कॉफीच्या यंत्राला अकरा बटणं, आणि कुठलंही दाबलं तरी गरम पाणीच! शिकवायला कोण? माझ्या लेकीच्या वयाची बाई, त्यांच्या दुरुस्ती विभागाची प्रमुख. तिनं मोठ्या अभिमानानं कपाट उघडलं, आणि आत... चिठ्ठ्या! एकीवर एक! आमचा डिंक, त्यांची चिकटपट्टी, एवढाच काय तो फरक.

आता मी शिकायला गेलो होतो, मान्य! पण राहवेना. वहीत तक्ता आखून तिच्यापुढे सरकवला. ती बघतच राहिली. ‘हे तुमच्याकडे चालतं?’ मी म्हटलं, ‘आमच्याकडे... बघताहेत.’ पुढच्या सोमवारी त्यांच्या सभागृहात तक्ता सुरू! पुढचे दोन आठवडे मी त्यांच्या माणसांना रकाने आखायला शिकवतोय, आणि शिकायला गेलो होतो मी!

परत आलो, धावत साहेबांकडे. ‘साहेब, तिकडे आपला तक्ता...’ ‘अहवाल द्या. बघू.’ झालं! महिन्याभरानं अदलाबदलीत तीच बाई इकडे आली. पडद्यावर तक्ता झळकला आणि साहेब खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागले! ‘वा वा! याला म्हणतात दृष्टी! उद्यापासून आपल्याकडे हेच!’ माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, खोटं कशाला सांगू? कुणाच्या का नावानं होईना, झालं ना! मीही टाळ्या वाजवल्या. पण बाई सरळ मनाची. माझ्याकडे हात करून म्हणाली, ‘हा तर यांचा तक्ता! आम्हाला यांनीच शिकवला!’

 साहेब हळूच माझ्याकडे वळले. ‘म्हणजे कचेरीचा कागद परवानगीशिवाय परदेशात दिलात?’ अहो पण साहेब, मी तर शिकायला... ऐकतंय कोण? संध्याकाळी टेबलावर पत्र. तीन दिवसांत लेखी खुलासा द्या. आणि हो, नव्या तक्त्यात द्या!

दिला. काय करणार? डावीकडे त्यांचा आरोप, उजवीकडे माझा खुलासा, रकाने कसे सरळसोट! काल परत आला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा साहेबांनी माझ्या कागदावर कौतुकाचा शेरा मारलाय हो... ‘मांडणी उत्तम. खुलासा अमान्य.’