दोनशे पंधरावं नाव

“हॅलो?… हां, बोल मोहिनी. जय भीम, जय भीम… बाळ झोपलं का?… दूध पितेय ना नीट?… बरं, बरं.”

सुमनबाईंनी गवारीची परात बाजूला सारली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला. सून माहेरून, नांदगावहून बोलत होती. रविवारी तिथल्या विहारात नातीचं नामकरण. तिला खरं काय विचारायचंय, ते बाईंना ठाऊक होतं.

“नाही गं, अजून फुगूनच बसलेत… कुठे म्हणजे? गॅलरीत, पेपर वाचतायत. कालचा… हो, हो… अगं ऐक ना, मी येतेच आहे. त्यांचं सांगता येत नाही… रडतेस कशाला? हे बघ, चूक मिलिंदची. नातीचं नाव आजोबांना मोबाईलवरच्या पत्रिकेतून कळावं?… तुझं बरोबर आहे गं. एकोणीस दिवस पोरगी काचेच्या पेटीत, त्या आयरीन सिस्टर नसत्या तर… हो, मी पाहिलंय ना. ड्युटी संपली तरी बाई पेटीपाशी उभी. त्यांचं नाव दिलंस, मला आवडलं. पण ह्यांचंही बघ जरा.”

ह्यांचं म्हणजे धम्मपाल यांचं. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, तरी एक टेबल त्यांनी सोडलं नव्हतं. कॉलनीत कुणाकडे पाळणा हलला की माणसं नाव मागायला त्यांच्याकडे येत. एक लांबट वही होती. तिच्यात रकाने आखलेले: अनुक्रमांक, नाव, मूळ, अर्थ. दोनशे चौदा पोरांना त्यांनी नावं दिली. त्यातली काही पुढे नावाला अजिबात शोभली नाहीत, पण तो दोष वहीचा नव्हता.

“काय म्हणतात? परकं नाव म्हणतात. ‘आपल्यात कुणी ग्रीक आहे का?’… हो, ग्रीक आहे म्हणे ते. अर्थ तुलाही माहीत नाही?… कमाल आहे बाई… थांब, थांब. मिलिंद कोण गं?… अगं तुझा नवरा नव्हे, राजा! नागसेन भंतेंना प्रश्न विचारणारा. तो यवन होता ना? म्हणजे ग्रीकच की! स्वतःच्या मुलाला ग्रीक नाव दिलं, आणि नातीला… थांब, वहीच काढते. आज धरतेच त्यांना.”

फोन खांद्यात दाबून त्यांनी कपाटातून वही ओढली.

“हां, पहिलंच. ‘मिलिंद. मूळ ग्रीक, मिनँडर.’ आणि खाली बारीक अक्षरात, ‘आपल्या त्रिरश्मी बौद्ध लेण्यातही यवनाचं दान आहे.’ बघ! सापडला माणूस… हसलीस ना? हस… शेवटचं पान? त्यात काय असणार, चव्हाणांचा नातू… थांब, उलटते.”

सुमनबाईंनी चष्मा सावरला आणि पान डोळ्यांजवळ धरलं.

“…आहे गं, आहे लाईनवर… काही नाही. पेन्सिलीनं लिहिलंय. ‘दोनशे पंधरा. आयरीन. मूळ ग्रीक. अर्थ, शांती.’ तारीख सोमवारची… हो, पत्रिका आली त्याच दिवशी! आणि चार दिवस आम्ही इथे त्यांचं तोंड बघतोय… अगं, बाकी सगळी शाईनं आहेत. कुणी येऊन विचारल्याशिवाय शाई कशी करणार हा माणूस?… ऐक आता. मी फोन देते. एवढंच विचार, ‘बाबा, ह्या नावाचा अर्थ काय?’… छे, माफी नको. माफी मागितलीस तर रुसवा आणखी आठवडाभर पुरवतील. आणि शांती म्हणाले की नवल वाटू दे… थोडं जास्तच वाटू दे.”

वही जागच्या जागी गेली.

“अहो! मोहिनी आहे. तिला काहीतरी अडलंय.”

धम्मपाल सावकाश आले, फोन घेतला, घसा खाकरला.

“हॅलो… हां… अर्थ?… असं एकदम कसं सांगणार? बघावं लागेल… थांब, आठवलं. शांती… हो ना, नवलच आहे… ग्रीकांची शांतीची देवता होती ती… नाही, नाही, नाव चांगलं आहे. कोण वाईट म्हणालं?… रविवारी? न यायला काय झालं! आणि त्या सिस्टरांना कळवलंय का?… फोनवर? फोनवर कसलं आमंत्रण? उद्या मी जातो हॉस्पिटलात… हां. बाळाला जप. जय भीम.”

फोन ठेवून ते घाईघाईने कपाटाकडे वळले.

“शाईचं पेन गॅलरीत आहे,” सुमनबाई गवार मोडता मोडता म्हणाल्या. “कालच्या पेपराखाली.”