निळाच राहिलेला स्टार्च

अगं, बंगळूरच्या कॉलेजात बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला मी एकदा नापास झाले होते, म्हणून दुसऱ्या वेळी जाम टेन्शन होतं. स्टार्चमध्ये एन्झाइम घालायचं आणि दर मिनिटाला थेंबभर काढून त्यावर आयोडीन टाकायचं. स्टार्च पचला की निळा रंग येईनासा होतो. माझा अर्ध्या तासानंतरही निळाच!

शेजारची बेळगावची सुनंदा कुजबुजली, "सगळ्यांनी सहा मिनिटं लिहिलंय. तूपण लिही की गं, सुम्ने, उगीच आपलं!"

तरी मी 'रंग निळाच राहिला' असं लिहून दिलं.

पेपर चाळून मॅडम म्हणाल्या, "माफ करा, आज चुकून सगळ्यांनाच उकळून निकामी झालेलं एन्झाइम दिलं गेलं. हिचं उत्तर बरोबर आहे."

मग बाकीच्यांकडे वळल्या, "आता सांगा, तुमचा स्टार्च खाल्ला कुणी?"