देवाचं तेल

सिस्टर मार्था: छगनभाऊ, गाडी बाजूला घ्या. लगेच!

छगन: इथं? अजून नगर बी आलं न्हाई, सिस्टर. मुंबई तर लांबच ऱ्हायली.

सिस्टर मार्था: घ्या म्हणते ना! मावशी, रंभाजीच्या डोक्याला काय चोळलंत?

गोजरबाई: तेल. शिंगणापूरचं. माज्या दिरानं शनिदेवाच्या अंगावरचं आणून दिलं.

सिस्टर मार्था: छातीलाही?

गोजरबाई: समद्या अंगाला. सकाळपासून पोरानं डोळा उगडला न्हाई. दवाखान्यात डाक्टर बघत हुता, गाडीत देव बघंल.

सिस्टर मार्था: हे पुसावं लागेल.

गोजरबाई: हात लावू नका बाई! तुमचा देव येगळा, आमचा येगळा.

सिस्टर मार्था: देवाचं भांडण नाही हे, मावशी.

(दवाखान्याची गाडी थांबते. आत रंभाजी निपचित पडला आहे, नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा. बाटल्याचा काटा खाली येतो आहे. गोजरबाईची नजर मात्र पोराच्या छातीवरून हलत नाही.)

सिस्टर मार्था: हा बाटला संपत आलाय, दुसरा जोडायचाय. वायू जोरानं सुटतो. तेलाचा हात लागला तर इथंच भडका उडेल. आणि मुंबईला त्याला लोखंडी कोठीत झोपवून हाच वायू दाबानं देणार आहेत. अंगाला तेल असलं तर आत घेणारच नाहीत.

छगन: मी जोडू का?

सिस्टर मार्था: हात बघा तुमचे, ग्रीसनं माखलेत. आणि ती कानावरची बिडी घेऊन लांब उभे राहा.

छगन: पेटवली कुटं हाय? बरं, जातो लांब. आजी, ऐका त्यांचं.

गोजरबाई: तेलानं आपसूक जाळ व्हतो व्हय? जलमल्यापून लावतीय म्या ह्याला.

सिस्टर मार्था: पाणी आटलं म्हणून तुम्ही विहिरीच्या आत टप्प्यावर इंजिन बसवलंत. त्याच्या धुरानं रंभाजी असा बेशुद्ध पडेल असं वाटलं होतं?

गोजरबाई: ...न्हाई. ह्या दुष्काळात समदेच बशिवत्यात. म्हनला, आये, घागरभर तरी निगंल.

सिस्टर मार्था: तसंच आहे हे. आधी कळत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

गोजरबाई: साबन हाय?

सिस्टर मार्था: आहे. पाणी नाही.

छगन: माज्याकडं रेडिएटरचा डबा हाय, पर त्यो बी तेलकट.

गोजरबाई: ऱ्हाऊ दे. ह्या तांब्यात हाय, त्याच इहिरीचं. शुद्धीवर आला तर घोटभर मागंल म्हनून आणलं हुतं. वता.

सिस्टर मार्था: दोघींचे हात आधी. हं. आता हनुवटी अशी वर धरा. जीभ मागं पडू द्यायची नाही. मी सांगेपर्यंत सोडू नका.

गोजरबाई: धरली. बाई... बाई, छाती हलंना!

सिस्टर मार्था: सोडू नका! अजून वर... झालं, आला वायू. बघा आता.

गोजरबाई: हलली! हलली गं बाई माजे!

सिस्टर मार्था: आता अंगावरचं. मी पुसू?

गोजरबाई: फडका हिकडं द्या. म्या लावलं, म्याच पुसते.

छगन: निगू का, आजी?

गोजरबाई: थांब की रं, कानामागं ऱ्हायलंय... हं, हाक आता. शनिदेवा, तुजं तेल पुसलं, राग धरू नगं. ह्यो उटला की आंगोळ करून वल्ल्या अंगानं तुज्या दारी येईल आन् सोताच्या हातानं तुला तेल घालंल.