सीनेच्या माशांचा ठराव

शिकलेल्यांनो, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पण मी एकदा साखरेच्या पुडीचा, वर्तमानपत्राचा कागद घेऊन दोन गावांचं भांडण मिटवायला गेले होते. अशाच कागदांवर मी वाचायला शिकले होते.

निजामाचं राज्य जाऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. आम्ही सीनाकाठचे भोई, मासे धरून पोट भरणारे. नदीला पाणी आलं की अंडी भरलेले मासे वर चढायचे, अन् खालच्या गावचे दगडूमामा पात्रभर आडवं जाळं लावायचे. आमच्या डोहात दोन वर्षं मासाच नव्हता. आमचे गडी काठ्या घेऊन निघाले, तेव्हा म्हटलं, "थांबा, आधी मी जाते."

काठावर जाळ्यापाशी बसलेल्या मामांना कागद वाचून दाखवला. समुद्रातले काही मासे या देशातून त्या देशात फिरतात, म्हणून ते धरायचे नियम करायला सगळे देश बसलेत.

"आपल्याकडं समुद्र कुठाय, पोरी?"

"मासा तर हाय न्हवं? अंड्यासकट सगळाच धरला, तर पिल्लं वाहून तुमच्याकडं तरी कुठनं येतील?"

मामांनी जाळ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "बरं, त्या देशांचं काय ठरलं?"

कागद नेमका तिथंच फाटलेला. थाप मारता आली असती, पण मी मारली नाही.

"ठाव न्हाय मामा. दुकानदारानं तिथंच फाडलाय."

मामा लई हसले. उठले, अन् जाळ्याचं एक टोक स्वतःच्या हातानं सोडलं.

"निम्मी नदी मोकळी ठेवतो. अन् त्या देशांना एक कार्ड टाक पोरी. म्हणावं, आमचं ठरलं, आता तुमचं उरका!"