सगळ्यांना अपेंडिक्स सांगितलंय

टेलरबाईंचं एन्डोमेट्रिओसिसचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं होतं, पण बेंबीतली जखम काही केल्या भरत नव्हती. ड्रेसिंगच्या खोलीबाहेर त्या एकट्याच बसल्या होत्या. शेजारच्या सासू-सुनेचं बोलणं नको म्हटलं तरी कानावर पडत होतं.

"अजून पाणी येतंय?"

"येतंय. पट्टी भिजलीय."

"एवढंसं भोक, आणि भरायला इतके दिवस! नाव तरी काय मेलं त्या दुखण्याचं."

"एन्डोमेट्रिओसिस. गर्भाशयाचं अस्तर भलतीकडेच वाढतं."

"हळू बोल गं! चार लोक बसलेत."

"दवाखान्यातच बसलेत ना, आई?"

"म्हणूनच मी सगळ्यांना अपेंडिक्स सांगितलंय. पाळीचं दुखणं म्हटलं की लोक लगेच विचारतात, मूल होणार ना?"

"आणि पाहुण्यांसमोर मला पाण्याच्या बादल्या उचलायला लावल्यात."

"अगं, त्यांची सून अपेंडिक्सनंतर आठवड्यात कामाला लागली होती. तू झोपून राहिली असतीस तर त्यांना संशय आला असता."

"आता डॉक्टरांनी विचारलं, टाका कशानं उसवला, तर काय सांगू?"

सासूनं पर्सचा बंद बोटाला गुंडाळला.

"सांग, सासूनं उसवला."

मग तीच विषय बदलायला टेलरबाईंकडे वळली.

"तुमचं कसलं ऑपरेशन, ताई?"

टेलरबाईंनी ओढणी पोटावर ओढून घेतली.

"अपेंडिक्स."

"बरंय बाई. सुटलात."

सुनेची नजर त्यांच्या पोटावरच्या ओढणीवर गेली.

"तरी बादल्या उचलू नका हं," ती म्हणाली.