आक्काची पहिली अंघोळ आन् माझ्या पोलक्यातली फ्यूज

मी मार्था, कोल्हारची. बाप वायरमन. चर्चातला पंखा असू दे न्हाई तर मारुतीच्या देवळातली माळ, बोलावणं आमच्याच घरी यायचं. मला भाऊ न्हाई, म्हणून बापाची शिडी धरायला मीच, आन् धरता धरता एक दिवस शिडीवर बी मीच. बाप म्हणायचा, बाय, करंट जात बघत न्हाई, धरम बघत न्हाई, पन ओलं अंग बराबर बघतो. आता माझी पन्नाशी उलटली, तरी काय सांगू तुमाला, दारात गेलं की लोक इचारतात, वायरमन कुठंय. मी म्हणते, ह्यो काय, लुगडं नेसून उभा हाय.

न्हाणीघराचे माझे नेम कडक. बटन दाराबाहेर. दिवा पाण्यापासून लांब, काचेत बंद, रबर लावलेला, म्हंजे वाफ आत शिरत न्हाई. पितळ-लोखंड असलं तर आर्थिंगची तिसरी वायर पायजेच, आन् बोर्डात आपोआप लाईन तोडणारी डबी. लोक कुरकुरतात, बटन बाहेर ठेवलं की आत मानूस साबन लावून उभा आन् बाहेरून सून लाईट घालवते. मी म्हणते, अंधारात बोंबलता तरी येतं. करंटनं धरल्यावर तेबी येत न्हाई.

तर शेजारच्या भाऊसाहेबानं बंगला बांधला, आन् न्हाणीघरात पितळी झुंबर, ते बी बराबर शॉवरच्या डोक्यावर. मी म्हणलं, भाऊसाहेब, हे हॉलात लावा, इथं मी लावणार न्हाई. तो हसला, म्हणला, मार्थाबाई, बाईमानूस ते बाईमानूसच, भ्यालीस व्हय. म्हणलं, भ्याले, म्हणून तर जिती हाय. त्यानं दुसरा गडी आणला, झुंबर लावून घेतलं, आन् मला नुस्तं जेवायचं आवतन.

वास्तुशांतीला गेले. मांडवात भटजी, माईकवर मंत्र, आन् आतून भाऊसाहेबाची म्हातारी आई, आमची आक्का, टॉवेल घेऊन निघालेली. त्यांच्यात रीत हाय, नव्या घरात पहिली अंघोळ थोरल्या बाईनं करायची. मी न्हाणीघराच्या दारात आडवी उभी ऱ्हायले. म्हणलं, आक्का, दम धर. देवघरातला लाकडी पाट आणला, पूजेचा पाट, व्हय, त्यावर चढले, पिशवीतला टेस्टर काढला आन् झुंबराच्या पितळेला लावला. टेस्टर पेटला की हो! लाल! दिव्याची वायर पितळेखाली चेंगारलेली, तिसरी वायर न्हाई, बोर्डात डबी न्हाई. आन् खाली आक्का उघड्या पायानं, हातात बादली.

मग मी काय केलं? तडक मीटरकडं गेले, मेन पाडला, चिनीमातीची फ्यूज ओढली आन् घातली पोलक्यात. माईक गप, मिक्सर गप, भटजी अर्ध्या मंत्रावर. भाऊसाहेब धावत आला, पूजेत इघ्न घालते का, फ्यूज दे. मी छातीवर हात ठेवला, म्हणलं, घ्या की, काढा. आख्खा मांडव हसला. तो काळानिळा झाला, म्हणला, पुन्ना ह्या घराची पायरी चढू नको. म्हणलं, न्हाई चढत, पन ते झुंबर उतरंल तवा फ्यूज मिळंल.

आक्कानं सगळं ऐकलं. बादली उचलली, न्हाणीघराची खिडकी सताड उघडली, आन् दार लावता लावता लेकाला म्हणली, सूर्याच्या उजेडात मी ऐंशी वर्स अंघोळ केली, आज बी करते. मी बाहेर येईस्तवर तुझं ते झुंबर काढून ठेव, न्हाई तर मी जुन्या घरी चालले.

उतरवलं. माझ्यासमोर.

आता ते हॉलात हाय, आर्थिंग लावून. दुसऱ्या कुणाच्या तरी हातनं, माझ्या न्हाई. भाऊसाहेब मला बघितलं की तोंड फिरवतो, त्याच्या भावकीची कामं बी मला येत न्हाईत. न येवोत. गावात मला फ्यूजवाली म्हणतात, पोरीबाळी बी म्हणतात, मी ओ देते. रोज सकाळी शिडी घेऊन त्या बंगल्यावरनं जाते, मुद्दाम. आक्का ओट्यावर ओले केस वाळवत बसलेली असते. मार्थे, जेवली का, म्हणून वरडते, लेकाला ऐकू जाईल अशी. तिचे केस रोज ओले दिसू देत. देवाकडं, तिच्या बी आन् माझ्या बी, माझं एवढंच मागणं हाय.