शेरूची नानखटाई

हसू नका, पण आमच्या आजोबांच्या पिंडाला कावळाच शिवेना. दहाव्याला बेतवा नदीच्या काठी बसलो होतो. आजोबांना आवडायची म्हणून आजीने कुकरमध्ये वाळूवर भाजलेली नानखटाईही पिंडाशेजारी ठेवली होती. कावळे यायचे, बघायचे, उडून जायचे. काकाने सगळी वचनं देऊन पाहिली. आईला सांभाळू, घर विकणार नाही. छे!

गुरुजी घड्याळ बघत म्हणाले, "भैया, कुछ तो रह गया है."

मी घरी आजीला स्पीकरवर फोन लावला. ती म्हणाली, "अरे, शेरूचं बोला. त्या कुत्र्यात जीव होता त्यांचा."

काकाचा चेहरा उतरला. शेरू सारखा रडतो म्हणून दोनच दिवसांपूर्वी आम्ही दोघांनी त्याला शहराबाहेर बिजौलीच्या कारखान्यांकडे सोडून दिलं होतं. आजीला सांगितलं, पळून गेला.

काकाने हात जोडले. "बाबा, शेरूला शेवटपर्यंत सांभाळू."

कावळा लगेच शिवला.

आम्ही तिथूनच बिजौली गाठली. शेरू सापडला नाही.

आजी अजून त्याच्यासाठी अंगणात दोन नानखटाया ठेवते. त्या मी गुपचूप खातो. रिकामी ताटली उचलताना ती म्हणते, "बघ, आला होता. किती उपाशी असेल रे!"